घंटीची दोरी

जिंतूर-परभणी गाडीवरच्या त्या कंडक्टरचं नाव मी सात वर्षांत कधी विचारलं नाही. डबल बेल द्यायच्या आधी तो दारातून मागं वाकून बघायचा आणि ओरडायचा, "कुणी राह्यलं का?" जो खाली राहिला तो आतून उत्तर कसं देणार, म्हणून मी रोज मनातल्या मनात चिडायचे.

त्या दिवशी परभणीत घराघरांत पाणी शिरलं. मी शिकवते त्या शाळेतून निघून कशीबशी त्याची गाडी पकडली. बोरी गावाच्या अलीकडं ओढा पुलावरून वाहत होता. ड्रायव्हर म्हणाला, "निघंल की आरामात." माझी लेक जिंतूरला घरी एकटी होती. सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडले, "द्या ना डबल बेल!" मागच्या एकानं तर उठून दोरीलाच हात घातला.

कंडक्टर भांडला नाही. त्यानं घंटीची दोरी सोडली, गुंडाळून खिशात घातली आणि दारात बसून तंबाखू मळू लागला.

"मॅडम, बेलबिगर गाडी हालत न्हाई," एवढंच म्हणाला.

ड्रायव्हरनं वैतागून इंजिन बंद केलं.

तासाभरात आमच्या डोळ्यांदेखत पुलाचा मधला भाग वाहून गेला. तेवढ्यात लेकीचा फोन आला. ती शेजारच्या काकूंकडं जेवत होती.

गाडी परत फिरवायची ठरली. त्यानं दोरी बांधली, सवयीनं दारातून मागं वाकला.

"कुणी राह्यलं का?"

"न्हाई भाऊ," मी म्हणाले, "कुणीच न्हाई राह्यलं."