नाण्यावरच्या बाईचा फोटो

किल्लीवाल्याने दुकान मुलाच्या हवाली केलं खरं, पण त्याचे हात काही निवृत्त व्हायला तयार नव्हते. घरात बसल्या बसल्या तो चमचे चाचपायचा, दाराची कडी चाचपायचा. नवी किल्ली कापली की तिच्या कडेची खरखर अंगठ्याने शोधायची, ही जन्माची सवय. ती काय दुकानाबरोबर सुटते? दुकान सुटलं ते डोळ्यांमुळे. नजरेच्या मधोमध धुकं साचायला लागलं होतं. कडेचं दिसत राहील, समोरचं हळूहळू जाईल, असं डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे आता मी सगळ्यांकडे तिरकं बघणार," त्याने घरी येऊन बायकोला सांगितलं.

"त्यात नवीन ते काय," ती म्हणाली, आणि आत जाऊन रडली.

जावयाचा जुना डिजिटल कॅमेरा कपाटात पडून होता, खिशात मावेल एवढासा. त्यावर फुलाची एक खूण होती. ती लावली की कॅमेरा अगदी नाकाजवळचंही नीट बघतो. हे कळलं आणि किल्लीवाल्याच्या दुपारी सोन्याच्या झाल्या. लहानपणापासून जमवलेली नाणी डब्यातून बाहेर आली. टेबल खिडकीशी सरकलं. दोन वाट्यांवर काच आणि काचेवर नाणं, म्हणजे खाली सावली चिकटत नाही. पुस्तकांच्या चळतीवरून कॅमेरा खाली वाकवून बांधलेला. हात हलतो म्हणून टायमर. फ्लॅश बंद, कारण तो उडाला की नाणं पांढरंफटक. आणि उजेड मऊ करायला बायको पांढरा कागद धरून उभी.

"हलू नकोस."

"मी हलत नाही, जग हलतंय," ती म्हणायची.

मग वायर टीव्हीला जोडायची. नखाएवढं गलबत टीव्हीभर पसरायचं, शिडं फुगायची. कधी घोडा यायचा, मानेवरचा केस न् केस मोजून घ्यावा असा. दुपार टळत जायची, पडदा हलायचा, आणि दोघं त्या गलबतात बसून कुठल्या कुठे जाऊन यायची. चहा गार व्हायचा.

पण हा सगळा खटाटोप खरं तर एकाच नाण्यासाठी होता. धंदा शिकायला घर सोडलं तेव्हा आईने ते त्याच्या हातात ठेवलं होतं. त्यावर एक बाई होती, बाजूने दिसणारी, अंबाडा घातलेली. ती हुबेहूब आईसारखी दिसते, असं घरात सगळे म्हणायचे. तेच नाक, तीच हट्टी हनुवटी. "माझं नाक काही एवढं मोठं नाही," आई चिडायची, आणि मग कुणी बघत नाही असं पाहून नाणं हळूच निरखायची. आईचा फोटो कधी काढलाच गेला नाही. ती गेली तेव्हा तो परगावी होता. तेव्हापासून नाणं त्याच्या खिशात, आणि जरा मोकळा झाला की अंगठा नाण्यावर. धुकं भरून यायच्या आत आईला एकदा टीव्हीएवढी मोठी बघायची, एवढंच त्याला हवं होतं.

आणि नेमकं तेच नाणं येईना. गलबत आलं, घोडा आला, आई मात्र नाही. नुसती एक चकचकीत चकती. त्याने खिडकीला दोष दिला, कॅमेऱ्याला दिला, कागदाला दिला. "तू नीट धरत नाहीस," असं बायकोलाही ऐकवलं. तिने निमूटपणे कागद वर केला, खाली केला.

शेवटी त्याने टेबलावरचा दिवा अगदी आडवा केला, नाण्याच्या कडेला टेकवून. पुसटसा उठावही अशा उजेडात वर येतो. फोटो टीव्हीवर आला. तो तिरकी मान करून बघत राहिला. बाई नव्हती. होते नुसते बारीक ओरखडे, सगळे एकाच बाजूला वळलेले. त्याने नकळत हवेत अंगठा फिरवला, आणि तो बरोबर त्याच वळणाने गेला.

"मीच," तो म्हणाला. "मीच पुसून टाकली तिला."

बायकोने हातातला कागद खाली ठेवला.

"तुला दिसत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खुशीत होतात."

तो थोडा रडला, लपवलं नाही. कितीतरी वर्षं आईला नुसतं हाताने ओळखत राहिलो, डोळ्यांनी एकदाही नीट पाहिलं नाही, हे त्याला फार लागलं. बायकोने गार चहा परत गरम करून आणला.

"झालं ते झालं," ती म्हणाली. "आता मी आहे तोवर माझा तरी काढा. आणि त्या अंगठ्याला लांब ठेवा."

त्याला रडता रडता हसू आलं. जन्मभर कॅमेरा दिसला की पदराआड होणारी ही बाई आज आपणहून खिडकीशी बसली. कागद धरायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तिने तो स्वतःच एका हाताने धरला. त्याने फुलाची खूण काढली, तिची हनुवटी उजेडाकडे किंचित वळवली, आणि या वेळी टायमर लावला नाही.

ती टीव्हीवर आली.

"अगं बाई! केवढ्या या सुरकुत्या!" ती म्हणाली. "पुसा ते."

तो उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेला आणि मान तिरकी करून एकेक रेघ बघू लागला. हात त्याने पाठीमागे बांधले होते.

"असू दे," तो म्हणाला. "अजून काही झिजलेलं नाही."