घरी कोण कोण असतं?

चावीवाल्याचा स्वभावच तसा. शेजाऱ्याने सहज "काय, बरं चाललंय ना?" म्हटलं तरी हा आधी खिशातल्या किल्ल्या चाचपायचा आणि मग उत्तर द्यायचा. उभी हयात लोकांची कुलपं उघडण्यात गेलेली. कुठलंही दार किती पटकन उघडतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणून त्याने स्वतःच्या दाराला तीन कुलपं ठोकली होती. गल्लीत सगळे त्याला 'कडीकुलूप' म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्याला पत्ता लागला नसेल तर शपथ.

आता असा माणूस उतारवयात इंग्रजी शिकायला जातो म्हणजे त्यामागेही संशयच असणार, नाही का? होताच. कुणाचं दार अडकलं की याला बोलावणं यायचं. हा गुडघे टेकून कुलपाशी झटत असायचा आणि घरातली नवरा-बायको याच्या डोक्यावरून एकमेकांशी इंग्रजीत बोलायची. 'हा एक किल्ली गुपचूप स्वतःकडे ठेवणार,' असंच म्हणत असणार, दुसरं काय! कधीतरी त्यांना रंगेहाथ पकडायचं, या एकाच इराद्याने त्याने वाचनालयाच्या माडीवरच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं.

शिकवणारी मॅडम त्याच्या मुलीच्या वयाची. तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या जोड्या लावल्या. जोडी शेवटपर्यंत तीच राहणार. एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, आणि सगळं शिकवून झालं की शेवटच्या तोंडी परीक्षेत आपल्या जोडीदाराची सगळी माहिती इंग्रजीत सांगायची. याच्या वाट्याला आल्या इस्त्रीवाल्या ताई. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं कपडे इस्त्री करायचं दुकान होतं. इंग्रजी कशासाठी शिकताय, असं याने विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, हौस म्हणून. याच्या कपाळाला आठ्याच पडल्या. गाण्याची हौस असते, कपड्यांची असते. इंग्रजी व्याकरणाची हौस कुणाला असते हो?

मग ताईंनी पुस्तक उघडून प्रश्न वाचायला सुरुवात केली. व्हेअर डू यू लिव्ह? हू लिव्ह्ज विथ यू? व्हेन डू यू गो टू वर्क? व्हेन डू यू कम होम? मॅडमने एकेकाचा अर्थ सांगितला तसतसा चावीवाल्याला घाम फुटला. कुठे राहता, घरी कोण कोण असतं, बाहेर कधी पडता, परत कधी येता! घर फोडायच्या आधी चोर हेच तर काढून घेतो. आणि इथे भर वर्गात, पुस्तकात बघून, सगळे एकमेकांना हेच विचारताहेत आणि भाबडेपणाने खरं सांगताहेत. सगळा वर्गच्या वर्ग वेडा झाला होता की काय?

हा काही वेडा नव्हता. याने दिली ठोकून. माझ्याकडे मोठा कुत्रा आहे. माझा भाऊ पोलिसात आहे, तो माझ्याकडेच राहतो. आणि माझी बायको दिवसभर घरी असते.

बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. पण घर दिवसभर रिकामं असतं हे सांगायला तो दुधखुळा नव्हता.

पुढे काय झालं, तर कुत्र्याबद्दल आणि भावाबद्दल ताईंनी फारसं विचारलंच नाही. त्यांना वहिनींचीच उत्सुकता. पुस्तकात प्रश्न असायचा, तुमच्या बायकोला काय आवडतं? ती आत्ता काय करते आहे? याला वाटे, ही बाई नक्की खात्री करून घेते आहे, घरात खरंच कुणी असतं की नाही याची. म्हणून तो नेटाने सांगत राही: ती चहात साखर फार घालते. ती खिडकीशी बसून गाते. ती माझ्याशी भांडते, आणि मग आधी तीच बोलते. दिवसभरात कुणाशी अवाक्षर न बोलणारा हा माणूस संध्याकाळी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बायकोबद्दल बोलायचा, आणि वर्ग सुटला की त्याचा पाय निघत नसे. ते का, हे मात्र त्याने स्वतःला विचारलं नाही.

परीक्षा जवळ आली तेव्हा संशय फारच कुरतडायला लागला. ही बाई आहे तरी कोण, हे एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून तो तिच्या दुकानाजवळ गेला आणि खांबाआड उभा राहिला. ताई एकट्याच होत्या. सदऱ्याच्या बाहीवरून इस्त्री फिरवत तोंडाने पुटपुटत होत्या: हिज वाइफ सिंग्ज. हिज वाइफ लाइक्स टी. चुकलं की इस्त्री उभी करून ठेवायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायच्या. चावीवाल्याने ठरवलं होतं, नुसतं बघायचं आणि निघायचं. पण सदरे संपून चादरी सुरू झाल्या तरी तो तिथेच उभा होता. त्याच्या घरात कुणी बायकोचं नावही काढत नव्हतं, काढायला होतं कोण? आणि इथे एक परकी बाई ती गाते, तिला चहा आवडतो, असं घोकत होती.

परीक्षेत ताईंनी सगळं न अडखळता सांगितलं. मॅडमने टाळ्या वाजवल्या. चावीवाला मान खाली घालून बसला. जिना उतरताना ताई म्हणाल्या, रविवारी येते, एकदा वहिनींना भेटायचंच आहे मला. नाही हा शब्द त्याच्या जिभेवर होता, पण तो हो म्हणून बसला. मग आठवडाभर जिवाला घोर. खरं कळलं तर ही बाई पुन्हा तोंड बघणार नाही, आणि मग बायकोबद्दल बोलायला उभ्या गावात कुणी उरणार नाही. शेवटी त्याने सबब रचली: ती बहिणीकडे गेली आहे.

रविवारी ताई आल्या. तिन्ही कुलपं निघेपर्यंत बाहेर उभ्या राहिल्या. हातात नक्षी भरलेला, कडक इस्त्रीचा टेबलावरचा रुमाल होता. आत आल्या, आणि खिडकीजवळची रिकामी खुर्ची बघून मराठीतच म्हणाल्या,

"वहिनी कुठायत?"

सबब तोंडाशी आली होती. पण त्या रुमालाकडे बघून त्याला ती बोलवेना.

"गेली. वर्गात नाव घातलं, त्याच्या आधीच गेली."

ताई मटकन खुर्चीत बसल्या. घरभर नजर फिरवली. मग म्हणाल्या, "ना कुत्रा, ना पोलीस भाऊ. मला चोर समजलात तुम्ही."

"हो," तो म्हणाला.

"म्हणजे सगळंच खोटं?"

"कुत्रा खोटा. भाऊ खोटा." त्याने खिडकीकडे बघितलं. "ती गायची, ते खरं. साखर, भांडण, सगळं खरं. ती आहे, एवढंच खोटं."

ताईंनी रुमाल उलगडून टेबलावर पसरला, त्याची टोकं सारखी केली. त्यांचा राग गेला होता की नाही, हे त्याला कळेना.

"रोज म्हणते हो मी ते 'हिज वाइफ सिंग्ज', काम करताना. सवयच लागलीय," त्या म्हणाल्या. "आता काय म्हणू?"

"आहे तसंच म्हणत जा ताई," तो म्हणाला. "खांबापाशी उभं राहिलं की ऐकू येतं मला."