मोठ्याने वाचलेला रिपोर्ट

शकुंतलाकाकू मोठ्याने वाचत होत्या आणि मी गप्प बसले होते. गप्प बसणं हा माझ्या कामाचाच भाग आहे.

मी यूझर रिसर्च करते. माणसं मोबाइल कसा वापरतात, कुठे अडतात, कशाला घाबरतात, हे बघायचं आणि ॲप बनवणाऱ्यांना सांगायचं. त्या दिवशी रायपूरच्या एका खासगी हॉस्पिटलच्या ॲपची टेस्ट होती. लॅबचा इंग्रजी रिपोर्ट हे ॲप सोप्या हिंदीत करून थेट पेशंटच्या फोनवर पाठवतं. ते हिंदी लोकांना कळतं का, एवढंच तपासायचं होतं. खोली हॉस्पिटलने दिली होती. आमचे प्रॉडक्ट हेड शुक्ला सर नवा रायपूरच्या ऑफिसातून कॅमेऱ्यावर बघत होते. त्यांचा आवाज माझ्या इअरफोनमध्ये.

टेस्टची पद्धत साधी असते. समोरच्याने वाचेल ते आणि मनात येईल ते सगळं मोठ्याने बोलायचं. आपण सुधारायचं नाही, मदत करायची नाही, चेहरा कोरा ठेवायचा. रिपोर्ट अर्थातच डमी, म्हणजे बनवलेले. काकूंना मी ते बजावून सांगितलं होतं.

“खोट्याले काय घाबरायचं,” त्या म्हणाल्या.

काकू रायपूरच्याच गुढियारी भागातल्या. यजमान रेल्वेत होते, ते वारले. मुलगा प्रशांत मराठी समजतो, पण उत्तर हिंदीत देतो. तो बाहेर बाकावर बसला होता. टेस्टच्या आधी त्याने मला बाजूला घेतलं. “दीदी, माँ की बायोप्सी हुई है. रिपोर्ट परसों आएगी. पहले मैं डॉक्टर से मिलूँगा, फिर देखेंगे माँ को क्या बताना है.” बायोप्सी म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं. आपल्याकडे बहुतेक घरांत असंच चालतं. दुखणं ज्याचं, त्याला ते सगळ्यांत शेवटी कळतं. मला हे कधीच पटलेलं नाही. पण पोराचे डोळे लाल झाले होते. मी बरं म्हटलं.

टेस्ट काकूंच्याच फोनवर होती, कारण परक्या फोनवर माणूस अवघडतो. पहिला डमी रिपोर्ट साखरेचा. “जास्त आहे म्हणते. मंग आता भात बंद? छत्तीसगडात राहून?” काकू हसल्या. दुसरा रक्ताचा, तोही त्यांनी झटकन समजून घेतला.

“देखा? सब समझ रही हैं,” इअरफोनमध्ये शुक्ला सर खूश.

तेवढ्यात फोन वाजला. मी काही बोलायच्या आत काकूंनी बोट लावलं. “हा अजून एक आला. वाचतो. ‘आपकी जाँच में कैंसर की पुष्टि हुई है.’ अरे बापरे! या टायमाले एकदम मोठाच दिला तुमी.”

आणि त्या हसल्या.

आमच्याकडे डमी रिपोर्ट दोनच होते. त्यांच्यावर बनावट नाव होतं. या रिपोर्टवर काकूंचं नाव होतं. परवा यायचा तो बायोप्सीचा रिपोर्ट आजच आला होता. लॅबने सही केली की रिपोर्ट त्याच क्षणी फोनवर, डॉक्टरांनी तो बघितला असो वा नसो. हीच आमच्या ॲपची जाहिरात होती.

“ये हमारा वाला नहीं है,” शुक्ला सरांचा आवाज बदलला. “मीनल, कुछ मत बोलो. थँक यू बोलो, टेस्ट खतम करो. आगे हॉस्पिटल देख लेगा.”

सल्ला वाईट नव्हता. प्रशांतलाही तेच हवं होतं.

काकू माझ्याकडे बघत होत्या. माझा कोरा चेहरा बहुधा कोरा राहिला नव्हता.

“बेटा, हाही खोटाच ना?”

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्या घरी जाऊन जेवल्या असत्या. मी इअरफोन काढून टेबलावर ठेवला.

“नाही काकू. हा आमचा नाही. हा तुमचा आहे.”

त्यांनी पदराने फोनची काच पुसली. नुसतीच पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “मंग पुढचं वाचू का?”

सगळं मोठ्याने वाचा, असं मीच सांगितलं होतं ना. त्या वाचत गेल्या. आता ओळीखाली बोट ठेवून, सावकाश. किती पसरलाय हे यावरून कळत नाही. घाबरू नका. डॉक्टरांना भेटा. सगळ्यांत खाली आमच्या टीमचा प्रश्न होता: ‘क्या यह जानकारी आपके काम आई?’ शेजारी दोन अंगठे, एक वर, एक खाली.

“हे काय विचारून राहिला हा?” काकूंनी विचारलं.

मला आमच्या सगळ्यांची लाज वाटली. मी फोन बंद केला. “प्रशांतला बोलावू?”

“बोलाव. पण तू नको सांगू त्याले. मी सांगतो. तो लवकर घाबरते.”

मी प्रशांतला आत पाठवलं आणि बाहेर थांबले. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला. “आपने क्यों बताया?”

“उन्होंने पूछा था.”

तो माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. तो भिंतीला टेकून रडला. मग आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. रिपोर्ट आलाय हे त्यांना आमच्याकडूनच कळलं.

पुढच्या मीटिंगमध्ये मी दोन मागण्या ठेवल्या. असा रिपोर्ट डॉक्टरांनी बघितल्याशिवाय फोनवर जाऊ नये. आणि बायोप्सीच्या वेळीच पेशंटला विचारावं, निकाल कोणासोबत ऐकणार.

“रिपोर्ट लेट होगी,” शुक्ला सर म्हणाले. “क्लायंट को हमने स्पीड बेची है.”

मी त्या दिवशीच्या टेस्टचं रेकॉर्डिंग लावलं. काकूंची परवानगी घेतली होती. “दाखव, ऐकू दे त्यायले,” असं त्या म्हणाल्या होत्या. अंगठे आले तेव्हा शुक्ला सर स्वतः उठले आणि व्हिडिओ बंद केला. “क्लायंट से मैं बात करता हूँ,” एवढंच म्हणाले. दोन्ही बदल झाले.

काकूंची ट्रीटमेंट सुरू आहे. केस गेलेत, आवाज तोच आहे. नवी स्क्रीन घेऊन मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. निकाल कोणासोबत ऐकाल, या प्रश्नावर त्यांनी लगेच बोट ठेवलं, मुलासोबत. मग म्हणाल्या, “पण डॉक्टरसमोरची खुर्ची मले पाहिजे. त्या दिवशी डॉक्टर सगळं प्रशांतकडेच पाहून बोलून राहिले होते.”

स्क्रीनवर असा पर्याय नव्हता. मी तो माझ्या टेस्टच्या रिपोर्टमध्ये लिहिला. आता त्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये पेशंटची खुर्ची समोर असते आणि घरच्यांची बाजूला. एवढ्यासाठी कोणाला कोड लिहावा लागला नाही, फक्त खुर्ची सरकवावी लागली.