खिडकीची पाळी

मावशीचा धाकटा भाऊ निवृत्त होईपर्यंत शाळेत इतिहास शिकवत होता. निवृत्त झाल्यावर तो मावशीला शिकवू लागला. दर रविवारी सकाळी चहाला यायचा, खुर्ची ओढायचा आणि चहा कपात पडायच्या आत सुरू व्हायचा.

"ताई, खरा साम्यवाद जगात कधी कुठे झालाच नाही. झाला म्हणतात तिथे मालकाच्या खुर्चीत साहेब बसला, एवढंच."

"आमच्या कारखान्यात खुर्चीच नाही. स्टुलं आहेत."

"नऊ बायकांची खोली म्हणजे देश नव्हे."

"मग देश म्हणजे काय, नुसता नकाशा? त्यात शेवटी खोल्याच असतात ना?"

"गरजेप्रमाणे द्यायचं म्हटलं की प्रत्येकाची गरज फुगते. माणूस हावरट असतो, ताई."

"तू पाहिलास तो माणूस परीक्षेत बाकाखाली चिठ्ठ्या लपवणारा. त्याच्यावरून सगळ्यांना नापास करू नकोस."

भाऊ हसायचा. मावशी हसायची नाही. एकसष्ट वर्षांच्या त्या बाईला या विषयावर चेष्टा खपत नसे.

ती काळे कोट शिवणाऱ्या एका कारखान्यात होती. कारखाना म्हणजे एक लांब खोली. तिथला मालक एका सोमवारी आला नाही, मंगळवारी आला नाही, आणि गुरुवारी कळलं की त्याच्या घराला कुलूप आहे. बायका अर्धवट कोटांच्या ढिगात डोक्याला हात लावून बसल्या होत्या. मावशी म्हणाली, "अर्धा कोट कुणी घालत नाही. हे तरी पुरे करू." ते पुरं करता करता अकरा वर्षं झाली. मजुरी सगळ्यांना सारखी, झाडू पाळीने, संडास धुणं पाळीने. मोठमोठ्या क्रांत्यांचं पुढे काय झालं ते तिला भावाकडून कळायचं. तिच्या क्रांतीत आज झाडू कुणाकडे आहे ते तिला तोंडपाठ होतं.

आणि खिडकीही पाळीने. काळ्या कापडावर काळा दोरा. ट्यूबच्या उजेडात कापड नुसतं चमकतं, टाका त्यात बुडून जातो. खिडकी एकच, तिच्याशी टेबल एकच. म्हणून भिंतीवर खडूने नऊ जणींची यादी होती, आणि दर सोमवारी पुढची बाई खिडकीत बसायची. यादी मावशीच्या हातची. तिच्यातला क्रम एकदाही मोडला नव्हता, याचा तिला कोण अभिमान!

गेल्या वर्षापासून मात्र ती यादीकडे पाहायची तेव्हा नावं पुसट व्हायची. खडू पुसट नव्हता. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांचा पडदाच झिजतोय, चष्म्याचा नंबर वाढवून उपयोग नाही. दिवसाच्या स्वच्छ उजेडात काम करा, अजून काही वर्षं निघतील. अंधुक जागी बसाल तर काम सुटेल.

दिवसाचा उजेड तिला नऊ आठवड्यांतून एक आठवडा मिळत होता. उरलेले आठ ती बोटांच्या टोकांनी टाके चाचपत काजं करायची. बोलायची नाही. न बोलण्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी त्या दहा जणी होत्या. सगळ्यांत मोठ्या बाईचे हात थरथरायला लागले, तेव्हा तिला टाळ्या वाजवून, गळ्यात पडून, रडून घरी पाठवलं होतं. जिला काम नीट जमेना तिने घरी जायचं, हा नियम मावशीनेच मांडला होता, आणि मत घेतलं तेव्हा पहिला हात तिचाच वर गेला होता.

एका शनिवारी दुपारी दुकानदाराकडून सहा कोट परत आले. आठवड्याची बैठक व्हायची होती. कटिंग करणाऱ्या बाईने, तिला सगळ्या कटर म्हणत, कोट टेबलावर ओळीने मांडले. काजं तिरपी, दोन तर कापडाच्या कडेबाहेर घसरलेली.

"कुणाची ही करणी?"

काजं करणाऱ्या दोघीच. मावशी, आणि तिच्या हाताखाली शिकलेली कॉलरवाली, जिला दोन वर्षांची मुलगी होती आणि जिची जीभ कात्रीहून धारदार होती.

"माझी," कॉलरवाली म्हणाली. "मुलीला ताप होता. झोप नव्हती."

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. "खोटं बोलू नकोस. तुझं काज असं असतं तर मी तुझे कान केव्हाच उपटले असते. ती माझी आहेत. मला दिसत नाही."

टाळ्यांचा तो दिवस सगळ्यांनाच आठवला असणार, कारण कुणी कुणाकडे पाहत नव्हतं.

कटर हळूच म्हणाली, "मग, मावशी, आपला नियम..."

"नियम मी केला. चुकीचा केला. त्या बाईला आपण टाळ्या वाजवून घालवली. तिचा हात थरथरत होता, म्हणून तिला काय हवंय हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. मी अशी जाणार नाही. माझं म्हणणं लिहून घ्या. खिडकी जिला उजेडाची गरज तिची. पाळी बंद."

"वा! उद्या सगळ्याच म्हणतील, आम्हाला दिसत नाही," कटर म्हणाली.

"म्हणू देत की. चला त्या कोपऱ्यात. प्रत्येकीने बारीक सुईत काळा दोरा ओवून दाखवायचा."

खोलीच्या अंधाऱ्या टोकाला आठ जणी रांगेत उभ्या राहिल्या, शाळेतल्या मुलींसारख्या एकमेकींना ढोसत. सहा जणींनी ओवून दाखवला. कॉलरवालीने तर एका फटक्यात, आणि तोऱ्यात. इस्त्रीवालीने मूठ मिटून सांगितलं, "झालं." मावशीने मूठ उघडली. सुई एकीकडे, दोरा दुसरीकडे. इस्त्रीवाली हसली आणि मग तिला रडू फुटलं.

शेवटी कटर. "ओवला," म्हणून तिने सुई झटकन टाचण्यांच्या उशीत खोचली. मावशीने दोरा उचलला. तो एकटाच वर आला.

"मला दिसतं!" कटर ओरडली. "मी डोळे मिटूनसुद्धा कापते!"

"तेच तर करत्येस."

मतदान झालं. बाजूने पाच, विरुद्ध चार. विरुद्धचा सगळ्यांत ताठ हात कटरचा होता. आणि दुसरा कॉलरवालीचा, कारण सोमवारपासून पाळी तिची होती. मावशीची चूक ती स्वतःच्या नावावर घ्यायला तयार होती, पाळी सोडायला नव्हती.

रविवारी भावाने सगळं ऐकून घेतलं.

"एका मताने, ताई!"

"एका का होईना."

"उद्या ते एक मत फिरलं तर?"

"तर परवा परत मांडीन. तुझ्या पुस्तकात सगळं एकदाच व्हायला हवं असतं, आणि ते कायमचं. आमच्याकडे झाडूसुद्धा रोज मारावा लागतो. आणि ऐक, सुई ओवताना दोघी खोटं बोलल्या. पण काय म्हणून? दिसतं म्हणून! गरज फुगवली कुणीच नाही, लपवली. मी वर्षभर लपवली. त्या हावऱ्या माणसाला शोधतोस ना, त्याच्या शेजारी हा लपवणाराही उभा असतो. याचं तुझ्या इतिहासात नावच नाही."

 

सोमवारी मावशी आली तेव्हा कॉलरवाली खिडकीत बसलेली होती.

"मावशी, एवढा आठवडा द्या ना. पुढच्यापासून करा तुमचं राज्य."

"नाही. ऊठ."

"मी तुमच्यासाठी खोटं बोलले!"

"मला तुझी दया नकोय, पोरी. जागा हवी आहे. बैठकीत ठरलीय."

"आणि माझे डोळे बिघडले म्हणजे?"

"तेव्हा मला अशीच उठव. मी उठले नाही तर ओढून उठव."

कॉलरवालीने स्टूल फरशीवर आपटत नेलं. दिवसभर ती मावशीशी बोलली नाही, आणि मावशीनेही तिची मनधरणी केली नाही. हातात कोट घेतल्यावर मावशीला काळ्यावरचा काळा टाका दिसला, एकेक, वेगळा. तिने टेबलाची अर्ध्याहून जास्त जागा रिकामी ठेवली. इस्त्रीवाली लाजत लाजत एक स्टूल घेऊन आली आणि बटणं लावायला बसली. कटर मात्र अंधाऱ्या टोकाला, खिडकीकडे पाठ करून उभी, कात्री चालवत.

दुपार व्हायला आली तेव्हा कात्रीचा आवाज थांबला. कटर कापड आणि खडू घेऊन आली आणि मावशीच्या खांद्याशी उभी राहिली.

"सरका जरा. उजेड अडवताय."

मावशी तसूभर सरकली नाही. "पुरेल तिघींना," ती म्हणाली. "बस."