गुरुजींनी दुरुस्त केलेली रायफल

तो प्रसंग डोक्यातून अजून जात नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं. तीसेक वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कुणी "साहेब, एखादी केस सांगा की" म्हटलं की तोंडात पहिली हीच येते. नाव कुणाचंच घेणार नाही. गाव जिंतूर तालुक्यातलं, चारठाण्याच्या अंगाला, एवढं पुरे.

मी त्या भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळी हजेरी घ्यायची, स्टेशन डायरी वाचायची आणि मग चहा पीत टपाल फोडायचं, हा माझा नेम. त्या दिवशी टपालात एक निनावी अर्ज निघाला. निनावी अर्ज म्हणजे आमच्या खात्याचा रोजचा भाजीपाला. बांधाचं भांडण असलं की अर्जात शेजारी लगेच दारूचा अड्डा चालवायला लागतो! पण हा अर्ज वेगळा होता. लिहिलं होतं: "जिल्हा परिषद शाळेच्या अमुक गुरुजींच्या घरी मिलिटरीची बंदूक आहे. मधल्या खोलीत दिवाणाखाली चादरीत आहे. बंदूक ताबडतोब घेऊन जावी. माणसाला त्रास देऊ नये. दुपारी जेवणाच्या वेळी येऊ नये."

मी तो कागद दोनदा वाचला. वैऱ्यानं लिहिलेल्या अर्जात माणसाला फासावर चढवा म्हणतात. आरोपीच्या जेवणाची काळजी करणारा खबऱ्या मला आयुष्यात भेटला नव्हता. हवालदारांना दाखवला तर ते म्हणाले, "साहेब, लिहिणारा घरातलाच दिसायलाय." माझंही मत तेच झालं. पण हत्याराची बातमी म्हटल्यावर बसून चालत नाही. वरिष्ठांना फोन केला, डायरीला नोंद घेतली, दोन पंच घेतले आणि निघालो. जेवणाची वेळ मात्र टाळली.

गुरुजी घरीच होते. सडपातळ, चष्मा दोऱ्यानं बांधलेला, निवृत्तीला सात महिने राहिलेले. आम्हाला पाहून माणूस घाबरेल, हातपाय गाळेल असं मला वाटलं होतं. कसलं काय! मी बंदुकीचं विचारताच त्यांचा चेहरा असा फुलला, जणू आम्ही मुलगी बघायला आलो होतो.

"या साहेब, बसा. पाणी घ्या. तुमच्यासारखा जाणकार माणूस यायला पाहिजेच होता," म्हणत त्यांनी स्वतःच दिवाणाखालून वस्तू काढली आणि चादर उलगडली.

खोटं कशाला बोलू, मीही क्षणभर बघतच राहिलो. जुन्या काळातली लष्करी बोल्ट रायफल. लाकडी दस्ता जवसाच्या तेलानं असा चमकत होता की भिंतीवरच्या जुन्या कुलपांचं, निजामाच्या काळातल्या हाली सिक्क्यांचं आणि बंद पेट्रोमॅक्सचं प्रतिबिंब त्यात दिसावं. तो सगळा गुरुजींचा संग्रह. रायफल त्यांनी परभणीच्या एका भंगारवाल्याकडून रीतसर पावती करून घेतली होती. पावतीवर लिहिलं होतं, "जुने लोखंड व लाकूड, नग एक."

"वर्षभर लागलोय साहेब हिच्यामागं," गुरुजी सांगू लागले. "आणली तेव्हा निस्ता गंज. नळीला तर बाजूनं एक भोक होतं, बोटाएवढं. ते असं बुजवलंय की तुम्ही शोधून दाखवा."

माझ्या हातातला पेन तिथंच थांबला. पंचांसमोर हा माणूस आपल्या हातानं आपल्या गळ्यात दोर अडकवत होता. कायद्यात जुन्यापान्या, मोडक्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त केलं तरी त्यातून गोळी सुटू शकणार नाही अशी अट आहे. आणि गुरुजी तर दुरुस्तीचीच फुशारकी मारत होते! पंचनामा केला, रायफल कापडात शिवून लाखेची मोहोर लावली आणि गुरुजींना नोटीस देऊन दुसऱ्या दिवशी ठाण्यात बोलावलं. काडतूस मात्र घरात एकही सापडलं नाही.

आता पेच असा होता. गुन्हा नोंदवून अटक केली, आणि कोठडी अठ्ठेचाळीस तासांच्या वर गेली, की सरकारी नोकर निलंबित. पुढं खातेनिहाय चौकशी. म्हणजे छत्तीस वर्षं ज्यांनी पोरांना बाराखडी शिकवली, ते गुरुजी शाळेतून हारतुरे घेऊन न निघता आरोपी म्हणून निघणार. रायफल चालते की नाही, यावर सगळं अडलं होतं. मी परभणीच्या मुख्यालयातून आर्मोरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल करणारा हवालदार, बोलावून घेतला.

दुसऱ्या दिवशी जबाब सुरू झाला. माझ्या परीनं मी गुरुजींना वाट करून देत होतो.

"गुरुजी, ही वस्तू नुसती शोभेची आहे ना?"

"शोभेची? खटका ओढून बघा साहेब! घड्याळासारखा चालतो."

"पण गोळी तर सुटणार नाही?"

"का नाही सुटणार? एवढी मेहनत काय उगाच घेतली?"

"अहो गुरुजी, जरा विचार करून बोला!" मी टेबलावर हात आपटला. चौकशीत आरोपीनं कबुली द्यावी म्हणून मी आयुष्यभर घसा कोरडा केला. कबुली देऊ नये म्हणून घसा कोरडा करायची ती पहिलीच वेळ होती. लेखनिक शिपाई तोंडावर फाईल धरून हसत होता. त्याला बाहेर काढला.

एवढ्यात गुरुजींच्या मंडळी तरातरा आत आल्या. डोक्यावर पदर, डोळे रडून लाल.

"साहेब, त्यो अर्ज म्याच लिवला," बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या.

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तू?"

"मंग काय करू? गल्लीत लोक बोलायलेत, मास्तराच्या घरी बंदूक हाय म्हणून. सात महिन्यावर रिटायर व्हायलेत, कुनी नड लावली तर? सांगून सांगून बेजार झाले. ऐकतेत का? मागं गणपतीत आमच्या शेजारच्याचा डीजे तुमीच उचलून आनला ना साहेब? डीजे गेला, मानूस घरी बसून चहा पेत होता. मला वाटलं बंदुकीचं बी तसंच आसंल. मला बंदूक न्यायाची होती हो, मानूस न्हाई!"

मी बाईंकडं खुर्ची सरकवली. डीजेला एक कायदा आणि बंदुकीला दुसरा, हे त्या माउलीला कुणी सांगायचं?

मग बाईंनी पदर खोचला. "आन साहेब, ह्यांच्या दुरुस्तीचं काय खरं धरता? ह्यांनी नीट केलेली एक वस्तू आजवर चालली न्हाई. रेडू नीट केला, त्यो गेला. भिंतीवरलं घड्याळ नीट केलं, ते उलटं फिरायलंय. हिरीवरली मोटार उघडली, तवापासून आमी पोहऱ्यानं पानी शेंदायलोत!"

"घड्याळाचा भाग निराळा," गुरुजी पुटपुटले.

याच वेळी आर्मोरर हजर झाला. पंचांसमोर मोहोर तोडली. त्यानं रायफल हातात घेतली, उलटीपालटी केली आणि मिश्या चावत हसू दाबलं. खिशातून चाकू काढून नळीच्या बाजूला टोकरलं. भुकटी पडली.

"साहेब, ही डेंटिंगवाल्याची पुट्टी हाय. मोटारगाडीच्या दाराला लावतेत ती."

"वर काळा रंग तीन हात दिलाय," गुरुजी म्हणाले.

"आन हे भोक गंजानं पडलेलं न्हाई, गुरुजी. ही कवायतीची रायफल. परेड शिकवायला द्यायच्या आधी मुद्दाम नळी भोसकतेत, आत पार खराब करतेत, म्हंजे जन्मात गोळी सुटू नये." त्यानं बोल्ट खोलला आणि आतून एक बारीक तार ओढून काढली. "आन ही पिन? ही तर छत्रीची काडी हाय!"

"माझी छत्री!" बाई ओरडल्या. "अन् मला म्हनले, वाऱ्यानं मोडली!"

त्या दिवशी ठाण्यात जो हशा पिकला, तो मी आजवर विसरलो नाही. कोठडीतला एक मोटारसायकल चोर गजांना धरून हसत होता. हसले नाहीत ते फक्त गुरुजी.

आर्मोररचं तोंडी मत कागदावर पुरेसं नसतं. म्हणून गुन्हा न नोंदवता चौकशीवर प्रकरण ठेवलं आणि रायफल तज्ज्ञांच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेला पाठवली. वरिष्ठांनी दोनदा विचारलं, अटक का नाही? मी म्हणालो, "सर, गुरुजी पळून जाणारे नाहीत. त्यांची रायफल आपल्या ताब्यात आहे." पण आतून धाकधूक होतीच. अहवाल उलटा आला असता तर गुरुजींबरोबर माझ्यावरही बालंट आलं असतं. बाई तर दर सोमवारी ठाण्यात यायच्या, दारातूनच "आलं का साहेब?" विचारायच्या आणि मान हलवली की तशाच परत जायच्या.

अखेर अहवाल आला. दोघांना बोलावून मी मोठ्यानं वाचून दाखवला: "सदर वस्तू अग्निशस्त्र म्हणून वापरण्यायोग्य नाही. दुरुस्त करूनही वापरण्यायोग्य होणार नाही. केलेली दुरुस्ती कोणत्याही उपयोगाची नाही." म्हणजे गुन्हा नाही, अटक नाही, शाळेत हारतुरे पक्के. हवालदारांनी पेढे आणले. बाईंनी तिथंच हात जोडले आणि रडायला लागल्या.

गुरुजी मात्र मान खाली घालून बसले होते. पेढा तसाच हातात. "म्हणजे साहेब," ते हळूच म्हणाले, "वर्षभराचं काम वायाच गेलं म्हणा की. कोणत्याही उपयोगाची नाही, असं सरकारनं लिहून दिलं."

बाईंनी डोळे पुसले. "वाया कसं जाईल?" त्या म्हणाल्या. "एखाद्या चांगल्या मिस्त्रीनं नीट केली आसती तर आज तुमी जेलात आसता. लय चांगलं काम केलं तुमी. माझं कुकू ऱ्हायलं."

गुरुजींनी बायकोकडं पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांच्या दुरुस्तीची केलेली ती बहुधा पहिली तारीफ असावी. माणूस आधी लाजला, मग हसला, आणि अर्धा पेढा तोडून त्यांनी तिच्या हातावर ठेवला. रायफल पुढे त्यांनी स्वतः लेखी देऊन मुख्यालयात जमा केली. भरतीच्या पोरांना तिच्यावर कवायत शिकवतात.

या केसनं मला एक गोष्ट शिकवली. गुन्हेगार विचारलं त्याहून कमी सांगतो, आणि हौशी माणूस विचारलं त्याहून जास्त. दोघांचे जबाब एकाच मापानं मोजले तर भल्या माणसाचा बळी जातो. अटक करायला दहा मिनिटं पुरतात. पण ती न करता सहा आठवडे थांबायला जी छाती लागते, ती वर्दीबरोबर मिळत नाही. मला ती एका बाईला दर सोमवारी दारात उभी बघून आली.