शिवलीलाचा थांबलेला महिना

शिवलीला निपाणीची. लग्नानंतर बंगळूरजवळच्या आनेकलला आली आणि बावीस वर्षं तिथल्याच एका कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवत राहिली. एकोणपन्नासाव्या वर्षी तिच्या छातीतून अचानक वाफ उठू लागली. भर जानेवारीत ब्लाउज भिजायचा. पाळी तर वर्षभर आलीच नव्हती. आपल्याला काहीतरी मोठा आजार झालाय, असं तिनं ठरवून टाकलं. कुणाला सांगितलं नाही; मनातल्या मनात घरची शिलाई मशीन तेवढी धाकट्या बहिणीला देऊन टाकली.

शेवटी ती कारखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. शाल्मली पुण्याची, वयानं तिच्या मुलीएवढी. तिनं तपासलं, रक्ताचे रिपोर्ट पाहिले आणि म्हणाली, "आजार नाही. मेनोपॉज आहे."

"मेन म्हंजे बाप्ये न्हवं?" शिवलीलानं विचारलं. "त्यांचं काय थांबतंय?"

"त्यांचं काही नाही. हा मेन ग्रीक आहे. म्हणजे महिना. पॉज म्हणजे थांबणं. दोनशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच डॉक्टरनं हा शब्द केला."

"बाई होती?"

"पुरुष."

"वाटलंच. वाफेचं कायबी न्हाई त्यात."

शाल्मलीनं मराठी शब्दही सांगितला, रजोनिवृत्ती. शिवलीलाला तो आवडला नाही. निवृत्ती म्हटल्यावर नारळ, शाल, दोन भाषणं तरी हवीत.

रविवारी तिनं निपाणीला आईला, गंगव्वाला, फोन केला. "आई, तुलाबी अशी वाफ यायची?"

"यायची की. मी हौदात पाय सोडून बसायची."

"मग कधी बोलली न्हाईस?"

"काय म्हणून बोलू? नाव कुठं ठाव हुतं?"

फोन ठेवल्यावर शिवलीला थोडी रडली. मग तिनं भांडी घासली.

सोमवारी तिनं खिडकीजवळच्या लाइनवर बदलीसाठी अर्ज केला. कारणाच्या रकान्यात कन्नडमध्ये लिहिलं, 'महिना थांबला आहे.' मॅनेजर सुधींद्रनं अर्ज दोनदा वाचला, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

"कुठला महिना थांबला, अक्का? आज सतरा तारीख."

शिवलीलानं त्याला सगळं सांगितलं: ग्रीक, फ्रेंच, वाफ, पाळी. मशीनच्या आवाजावर ओरडून बोलायची तिला सवय होती, त्यामुळे केबिनबाहेरच्या बायांनीही ऐकलं. सुधींद्र कानापर्यंत लाल झाला. "सरी, सरी, ठीक आहे," म्हणत त्यानं सही केली.

दुसऱ्या दिवशी त्याच कारणाचे अकरा अर्ज आले. त्यातला एक चोवीस वर्षांच्या मुलीचा होता. तो शिवलीलानंच परत पाठवला. खिडकीजवळ जागा होत्या सहा, त्यातली एक शिवलीलाची. सुधींद्रनं आठवडाभर विचार केला आणि उरलेल्यांसाठी पाच पंखे मागवले. मागणीपत्रात कारण लिहिलं, 'उन्हाळा.'