जावई कंट्रोलर

आमच्या डेअरीत दूध तापवण्याचं काम दोन कंट्रोलर, म्हणजे यंत्र चालवणारे छोटे संगणक, सांभाळतात. एक हुकूम सोडतो; दुसरा तेच गणित मनातल्या मनात करत गप्प असतो. ऑपरेटर शिंदेकाका त्याला जावई म्हणतात. "नुसता बसून खातोय बघा, मॅडम!"

पहिला बंद पडला तर दुसरा सांभाळतो का, याची आज चालू दुधावरच चाचणी घेतली. अदलाबदलीत वाफ क्षणभर जरी अडली असती, तर टाकीभर दूध वाया गेलं असतं. मी पहिला बंद केला. दुसऱ्याने कारभार उचलला आणि पडद्यावरची तापमानाची रेघ हललीसुद्धा नाही.

"एवढंच होय?" काका हिरमुसले.

एवढंच. तयारी कुणाला दिसत नाही. ती नसली की मात्र सगळ्यांना दिसतं. आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिलीच. आई रोज विचारते, "कामावर काय केलंस गं?" आज तिला ताठ मानेनं सांगेन, "काही होऊ दिलं नाही."